पुणे ते चेन्नई, पावणेदोन तास

लोहगाव

शोभाचा अडकित्ता लोहगावच्या विमानतळावर राहिला, तिथूनच सांगायला सुरुवात करतो.

तपासणीच्या पट्ट्यावरून आमची पिशवी पलीकडं गेली आणि वर्दीतल्या मुलीनं ती बाजूला काढली. आतून पानाची चंची निघाली आणि चंचीतून अडकित्ता. "मॅडम, ये नहीं जा सकता," ती म्हणाली. शोभाच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, खांद्याला मशीन लटकत होतं. ती त्या मुलीकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, तिला सांगा, ह्यानं सुपारी बी धड कातरत न्हाई. इमान काय कापनार?" मुलीला मराठी येत होतं. ती हसली, पण अडकित्ता टोपलीत टाकलाच.

तो आमचा दोघांचाही पहिला विमानप्रवास. कामशेतला आमची भाताची गिरणी आहे. पवन मावळ, नाणे मावळातून भात येतं, आमच्याकडं भरडलं जातं आणि तांदूळ लोणावळ्याच्या हॉटेलांपासून पुण्याच्या दुकानांपर्यंत जातो. तांदूळ एवढा फिरला, आम्ही काही फिरलो नाही. शोभाला दम लागायला लागला तेव्हा आधी लोणावळ्याचे डॉक्टर झाले, मग पुण्याचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, औषधानं हे थांबणारं नाही. दुसऱ्या कुणाची फुफ्फुसं बसवायची, एवढाच उपाय.

"गिरणीच्या कोंड्यानं झालं का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. ते अजूनही मला कुणी सांगितलेलं नाही.

हे ऑपरेशन करायला त्यांनी चेन्नईचं हॉस्पिटल सुचवलं. मी म्हणालो, लांब आहे हो. डॉक्टरांनी फोन काढून दाखवला. सरळ रेघेत नऊशे किलोमीटरच्या आसपास, विमानानं पावणेदोन तास. "गणपती बघायला तुम्ही कामशेतहून पेठांत येता, त्याला याहून जास्त वेळ लागतो," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

विमानात शोभाला खिडकी मिळाली. उन्हाळा लागला होता. खाली सगळी भुरी जमीन, मधूनच एखादं तळं आरशाच्या तुकड्यासारखं चमकायचं. प्रत्येक वेळी ती विचारायची, "पवनेचं धरन का हो?" मी सांगायचो, ते मागं राहिलं, आपण उलट्या दिशेला चाललोय. विमानातली मुलगी दोनदा येऊन तिच्या बोटाला लावलेलं यंत्र बघून गेली. मी सारखा मशीनच्या बॅटरीकडं बघत होतो. तेवढ्यात कानात दडे बसले, खाली नारळाची झाडं दिसायला लागली आणि चाकं टेकली.

"आलं?" शोभा म्हणाली. "एवढंच?" मग थोडा दम खाऊन म्हणाली, "मग काय. लेकीचं बाळंतपन आलं की येऊन जाऊन करू."

चेन्नई

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली. घरमालकीण साठीची, तिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो. तिला मराठी नाही, आम्हाला तमिळ नाही. माझं हिंदी तिला कळायचं नाही आणि कळलं तरी आवडायचं नाही. पण ती रोज सकाळी अंगण धुऊन तांदळाच्या पिठानं दारात कोलम काढायची तेव्हा शोभा खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. आपल्याकडची रांगोळी रंगांवर जाते, इथं सगळं रेघेत. एक रेघ ठिपक्यांना वळसे घालत जाते ती हात न उचलता परत जागेवर येते. मुंग्यांनी ते पीठ खाल्लं तरी अम्मा काही म्हणायची नाही. मुंग्यांसाठीच असतं, असं तिनं हातवारे करून सांगितलं.

खाण्याचे मात्र हाल. तिथं तिन्ही त्रिकाळ भातच असतो, पण तो आमचा भात नव्हे. मोकळा, लांबट, शीत शिताला न चिकटणारा. पहिल्या दिवशी अम्मानं केळीच्या पानावर भात आणि रसम वाढलं. शोभानं एक घास घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "ह्याला वासच न्हाई वो." दुसऱ्या फेरीला मी घरून इंद्रायणी तांदूळ आणला. तो शिजला तेव्हा जिन्यापर्यंत वास गेला. अम्मा वर आली, एक वाटी घेऊन गेली, आणि संध्याकाळी वाटी घासून परत देताना तिनं दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. फार चिकट. दोन्ही बायका हसल्या. शोभा हसली की खोकायची, म्हणून मी तिला फार हसू द्यायचो नाही.

हॉस्पिटलात आमचं सगळं काम रेवती मॅडम बघायच्या. त्या कोऑर्डिनेटर. अवयव मिळणाऱ्यांची यादी, रक्तगट, फोन, सगळं त्यांच्याकडं. त्यांनी आम्हाला हिंदीत नीट समजावलं. कुणाचा तरी मेंदू मृत होतो, घरचे हो म्हणतात, मग फोन येतो. फुफ्फुसं बाहेर फार वेळ टिकत नाहीत. म्हणून फोन आल्यापासून सहा तासांच्या आत पेशंट दारात हवा. आणि एका वेळी दोघांना बोलावतात. पहिल्याला काही अडचण आली तर दुसरा.

तिथं व्यायामाच्या हॉलमध्ये शोभाला मैत्रीण मिळाली. विजया तिचं नाव, नेल्लूरकडची शाळेत शिकवणारी बाई, वयानं शोभाहून लहान. दोघींचा रक्तगट एक, दोघींच्या नाकात नळी. शेजारशेजारच्या सायकलींवर दोघी हळूहळू पायडल मारायच्या. ती तेलुगू बोलायची, ही मावळी, आणि दोघी एकमेकींना उत्तरं द्यायच्या. शोभानं तिला तिळाची चटणी दिली, तिनं लिंबाचं लोणचं पाठवलं. तिच्या नवऱ्याशी मी हिंदीत बोलायचो. आम्ही चौघं जिन्याशी बसलेलो असलो की बघणाऱ्याला वाटलं असतं, हे लोक लग्नाला आलेत.

एक दिवस गल्लीतून मयत गेलं. पुढं ढोल, त्यापुढं नाचणारी माणसं, रस्ताभर फुलांचा सडा. शोभा खिडकीशी होती. "वाजवत नेत्यात," ती म्हणाली. "आपल्याकडं कसं गुपचूप." मी खिडकी लावायला उठलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चांगलं वाजवत्यात."

वाट बघण्याचं मी काय सांगू? उन्हाळा संपला. फोन एकदाही आला नाही.

तिकोणा पेठ

आमची एकुलती एक लेक मनीषा तिकोणा गडाच्या पायथ्याला, तिकोणा पेठेत दिलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण माहेर चेन्नईला जाऊन बसलेलं. सासरीच बाळंत झाली, मुलगा झाला. बारशाला जायचंच, असं शोभानं धरलं. मी नको म्हणालो, मग मनीषाच फोनवर नको म्हणाली. शोभानं थेट डॉक्टरांना विचारलं आणि मला हिंदीत सांगायला लावलं, "सांगा त्यांना, मी नातवाला एकदा मांडीवर घेते आनि येते." डॉक्टरांनी तिच्या तपासण्या बघितल्या आणि चार दिवसांची परवानगी दिली. रेवती मॅडम म्हणाल्या, फोन उशाशी ठेवा, विमानं बघून ठेवा.

आम्ही बघून ठेवलं होतं. पेठेतून कामशेत, कामशेतहून हायवे, तळेगाव, देहूरोड, विमानतळ. तिथून पुढं आकाश मोकळं. सगळं मिळून सहा तासांत बसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मावळात लावणी चालू होती. बायका चिखलात ओणव्या होऊन रोपं खोवत होत्या. तिकोण्याचं टोक ढगात होतं, खालच्या कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा. उतरल्या उतरल्या शोभानं तोंड वर करून श्वास घेतला, जेवढा घेता आला तेवढा. म्हणाली, "हवा हाय तर हितं."

बारसं रविवारी सकाळी झालं. पाळणा ओसरीत बांधला होता. तिच्या मशीनचा आवाज ऐकून बाळ आधी दचकलं, मग त्याच आवाजानं झोपलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, विराज. शोभानं त्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. "काय करतेस?" मी विचारलं. म्हणाली, "बगते. कसा सुरसुर घेतंय."

जेवणाची पंगत उठत होती. शोभाचं अजून व्हायचं होतं. माझा फोन वाजला.

"अंकल, रेवती बोलतेय. लंग्ज मिळालेत. आंटींचा पहिला नंबर आहे. ताबडतोब निघा. आंटींना काही खायला देऊ नका."

मी ओसरीत उभा होतो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि न सांगता कळलं. मनीषा रडायला लागली. शोभाच तिला म्हणाली, "गप, रडतीस काय? चांगलं झालंय." तिच्यासाठी वाढलेल्या ताटाकडं बघून म्हणाली, "ह्ये झाका." मनीषानं घुगऱ्यांची पुडी बांधून पिशवीत घातली. ऑपरेशन झाल्यावर खा म्हणाली.

पवनेकाठचा रस्ता

गाडी दत्ता चालवत होता. दत्ता म्हणजे शोभाचा पाठचा भाऊ, कान्ह्याला असतो, कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारी बस चालवतो. पेठेतून निघताना त्यानं मला विचारलं, "दाजी, पौडाकडनं जायाचं का कामशेताकडनं?" मी म्हणालो, तुला रस्ते माहीत, तू ठरव. विमानात नेता येईल असं छोटं मशीन आणि त्याची जादा बॅटरी दोन्ही जवळच होती, घरी थांबायचं नव्हतं. पौडाकडून पुढं चांदणी चौकाची गर्दी लागते. दत्ता म्हणाला, "कामशेत. हायवे मिळाला की सुटलो."

पवनानगरच्या अलीकडंच गाड्या थांबलेल्या दिसल्या.

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळा भरला की लोक इकडं पवनेला वळतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण असा रविवार मी पाहिला नव्हता. धरणाकाठच्या तंबूंतून परतणाऱ्या गाड्या, येणाऱ्या गाड्या, दोन्ही कडेला लावून ठेवलेल्या गाड्या. मधे एका वळणावर मोठी बस आणि एक कार अशी अडकली होती की कुणालाच हलता येईना. कणसं भाजण्याचा धूर. गाडीच्या टपावर बसून गाणी लावलेली पोरं. कुणी धबधब्यात भिजून टॉवेल गुंडाळून चाललेलं.

आम्ही अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती कामशेतहून निघाली आणि पलीकडच्या टोकाला आमच्यासारखीच उभी राहिली.

दत्ता उतरला. "दाजी, तुमी स्टेरिंगवर बसा," म्हणाला आणि पावसात पुढं गेला. एकेका काचेवर टकटक करत चालला. "पेशंट हाय वो, जरा दाबून घ्या. पेशंट हाय." एकानं काच अर्धी खाली केली आणि म्हणाला, "सगळे असंच सांगतात, भाऊ." दत्तानं हात जोडले. तो माणूस मागं वळून आमच्या गाडीत डोकावला, शोभाच्या नाकातली नळी त्याला दिसली, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं गाडी निम्मी गटारात घातली, उतरला, आणि दत्ताबरोबर पुढच्या गाड्यांच्या काचा ठोकायला लागला. रेनकोट घातलेली एक मुलगी रस्त्याच्या मधोमध उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होती, "साइड द्या, साइड!" जवळच्या वाडीतली माणसं आली. त्यांनी अडकलेली कार उचलून बांधाला लावली. वाईट कुणी वागलं असं मी म्हणणार नाही. माणसं चांगली होती, पण फार होती.

शोभा मागच्या सीटवर शांत बसली होती. मीच सारखा घड्याळ बघत होतो. ती म्हणाली, "बगू नका त्याच्याकडं. बगून पळतंय व्हय ते?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "कुनाचं असंल हो?"

"काय?"

"ज्याचं मला लावनार. कुनाचं तरी मानूस गेलंच की आज."

बस हलली. आम्ही निघालो. दत्ता धावत येऊन गाडीत बसला, चिखलानं माखलेला. कामशेतपर्यंत त्यानं गाडी अशी काढली की मी डोळे मिटून घेतले. पण हायवेवर लोणावळ्याहून परतणारं सगळं पुणं आमच्या पुढं उभं होतं. तळेगावपर्यंत रांग. देहूरोडला रांग. दत्ता स्टेअरिंगवर हात मारून म्हणाला, "पौडाकडनं गेलो असतो तर."

पुन्हा लोहगाव

विमानतळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी शोभाला व्हीलचेअरवर बसवलं आणि पळत सुटलो. काउंटरवरच्या तरुणानं आमची नावं ऐकताच ओळखलं. रेवती मॅडमनी त्यांना फोन केला होता. तो उभा राहिला. त्याच्या उभं राहण्यातच मला कळलं.

"सर, दार बंद झालं."

"विमान उभं आहे ना अजून?"

"उभं आहे. पण दार बंद झालं, सर. मी दोनदा विचारलं." त्यानं माझ्यासमोर पुन्हा फोन लावला, हळू आवाजात बोलला, ऐकलं आणि फोन ठेवला. मग काउंटर सोडून बाहेर आला आणि शोभापुढं गुडघ्यावर बसला. "मॅडम, आय अॅम सॉरी," म्हणाला. त्याच्यानंतरचं विमान बंगळूरला थांबून जाणारं, ते मध्यरात्रीनंतर पोचणार. मुंबईला जायचं तर पुन्हा तोच रस्ता आणि पुढं घाट.

मी रेवती मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ओके, अंकल. दुसरा पेशंट इथं आहे. आम्हाला थांबता येत नाही. तुम्ही आता सावकाश या. उद्या या."

मी फोन खिशात ठेवला. शोभा बघत होती. मी मान हलवली.

ती बराच वेळ काचेच्या दाराकडं बघत बसली. लोक बॅगा ढकलत येत होते, जात होते. दत्ता खांबाला टेकून पाठमोरा उभा होता, त्याचे खांदे हलत होते. शोभानं पिशवीत हात घालून घुगऱ्यांची पुडी काढली, सोडली आणि एकेक दाणा तोंडात टाकायला लागली.

"शोभा," मी म्हणालो.

"आता खायाला हरकत न्हाई," ती म्हणाली. "सकाळपास्नं उपाशी हाय मी." आणि तिनं पुडी माझ्यापुढं धरली.

पुन्हा चेन्नई

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं आम्ही गेलो. तिनं खिडकी मागितली नाही. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं.

फुफ्फुसं विजयाला मिळाली होती. तिथं नाव कुणी सांगत नाही, रेवती मॅडमनीही सांगितलं नाही. पण व्यायामाच्या हॉलमध्ये शेजारची सायकल रिकामी होती आणि तिचा नवरा आयसीयूच्या बाहेर बसलेला होता. मला बघून तो उठला, पुन्हा बसला. त्यालाही कळलं असावं. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान खाली घातली. यात त्याचा काय दोष होता?

पुढं एक दिवस आम्ही तपासणीला गेलो असताना विजया कॉरिडॉरमध्ये चालताना दिसली. एका बाजूला नर्स, नाक मोकळं. ती भिंत न धरता चालत होती आणि चालता चालता नर्सशी बोलत होती. चालणं आणि बोलणं एकाच वेळी, हे शोभाला दोन वर्षांत जमलं नव्हतं. शोभानं एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "चला."

खोलीवर आल्यावर भिंतीकडं तोंड करून निजली. "चांगली बाई हाय ती," म्हणाली. "पन मला बगवत न्हाई तिच्याकडं."

विजयाचा नवरा मिठाईचा डबा घेऊन आला. दोन्ही हातांनी दिला. तांदळाच्या पातळ पापुद्र्यांची त्यांच्याकडची मिठाई, तुपात आणि साखरेत घडी घातलेली. मी घेतला. शोभा म्हणाली, "ठेवा तितं." तो डबा तिथंच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

मग एकदा मास्क लावून विजया स्वतः आली. शोभाच्या खाटेवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि तेलुगूत बरंच काही बोलली. तिचे डोळे वाहत होते. शोभानं हात काढून घेतला नाही, पण मान शेवटपर्यंत वळवली नाही. विजया गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनत व्हती?" मी म्हणालो, मला कुठं कळतं. "मला कळलं," ती म्हणाली. काय कळलं ते तिनं सांगितलं नाही.

फोन परत आला नाही. श्रावणात तिचा त्रास एकदम वाढला. मशीनचा आकडा वर वर नेत गेलो आणि एका सकाळी तो पुरेना. तिला आत नेलं. घशात नळी घालायच्या आधी डॉक्टरांनी मला दोन मिनिटं दिली. तिला एका श्वासात तीन-चार शब्द जमत होते. म्हणाली, "दत्ताला सांगा... माजा राग न्हाई... त्यो मनाला लावून घेतो." मी सांगतो म्हणालो. मला वाटलं, आता माझ्यासाठी काही म्हणेल. पण डॉक्टर आले.

ती तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. अम्मानं दारातला कोलम पुसला. आपल्या घरचं कुणी गेलं की ते तसं करतात म्हणे. तिनं शोभाच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. मी अडवलं नाही. आमच्याकडची पद्धत काय आणि त्यांच्याकडची काय, ते त्या वेळी आठवतही नव्हतं.

विमानात शोभाला खाली सामानाच्या जागेत ठेवलं, मला वर सीट दिली. शेजारी पहिल्या नोकरीला पुण्याला निघालेला तमिळ मुलगा होता, बोलका. पुण्यात पाऊस कसा असतो, लोणावळा बघण्यासारखं आहे का, असं विचारत होता. मी सांगत राहिलो. मग त्यानं विचारलं, "अंकल, आप अकेले जा रहे हैं?"

मी म्हणालो, "नाही. मिसेस आहेत बरोबर."

त्यानं आजूबाजूला बघितलं.

कामशेत

मालाच्या गेटवर सही करून शोभाला ताब्यात घेतलं. दत्ता आणि गावची माणसं गाडी घेऊन आली होती. इंद्रायणीच्या काठी तिला अग्नी दिला. मी दत्ताला तिचा निरोप सांगितला. त्यानं ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, "आक्का तशीच व्हती." त्यानंतर आजतागायत त्यानं पवनेकडच्या रस्त्याला गाडी घातलेली नाही. भाचीला बघायला जायचं झालं तरी पौडाचा वळसा घेऊन जातो.

भात भरडायला येतं, गिरणी चालते. दिवाळीनंतर नवं भात यायला लागलं होतं, तेव्हा एके दुपारी कान्ह्याचे एक गृहस्थ गिरणीत आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, माझ्याहून वयानं मोठे. त्यांच्या मुलाच्या फुफ्फुसाला तेच झालं होतं आणि डॉक्टरांनी तेच शहर सांगितलं होतं. मी मशीन बंद केलं, दोन खुर्च्या बाहेर काढल्या, चहा मागवला. खोली कुठं घ्यायची, रेवती मॅडमना कधी भेटायचं, तांदूळ किती न्यायचा, मी सगळं सांगितलं.

"इमानानं दोन तासांच्या आतच हाय म्हनं," ते म्हणाले. "मंजी मदनंमदनं येऊन जाऊन करता यील."

"आबा," मी म्हणालो, "एकदा गेलात की तिथंच राहा. लग्न असू दे, बारसं असू दे, परत येऊ नका. कुणी कितीही बोलावू दे."

त्यांनी मान हलवली. चहाचा कप खाली ठेवला.

"घरी म्हातारी हाय माजी," ते म्हणाले. "आई. नव्वदीला आलीय. पोराबरुबर मीच जानार, दुसरं कोन हाय? तितं असताना तिचं काय झालं, तर येऊ का न्हाई?"

मी दोन्ही कप उचलले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग उठले, टोपी नीट केली आणि स्टेशनच्या रस्त्यानं निघून गेले.